मॅट्रिक्स स्लायसिंग

मॅट्रिक्समधल्या, म्हणजे आकड्यांच्या आडव्या-उभ्या तक्त्यातल्या, कोणत्या ओळी आणि कोणते स्तंभ हवेत ते ‘इथपासून इथपर्यंत’ असे क्रमांक देऊन सांगायचे आणि तेवढाच चौकोन वेगळा काढायचा, याला प्रोग्रामिंगमध्ये स्लायसिंग म्हणतात. निघालेला भाग म्हणजे उपमॅट्रिक्स. फॉरट्रान ९०, मॅटलॅब, आर, ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषा आणि पायथन भाषेची नमपाय लायब्ररी (तयार कोडचा संच) यांत ही सोय आहे. त्यासाठी लूप, म्हणजे एकेक घर फिरून उचलणारा कोड, लिहावा लागत नाही.

कोकण किनाऱ्यावरची पाच ठिकाणे उत्तरेकडून दक्षिणेकडे घेऊ: डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ला. प्रत्येकाची एक ओळ, जानेवारी ते डिसेंबर असे बारा स्तंभ, आणि प्रत्येक घरात त्या महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये. या ५ × १२ च्या तक्त्यातून रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याचे पावसाळ्याचे चार महिने हवे असतील, तर मॅटलॅबमध्ये पाऊस(४:५, ६:९) असे लिहायचे. जून सहावा, सप्टेंबर नववा. बोटांवर मोजावे तसेच. नमपायमध्ये मोजणी ० पासून होते आणि शेवटचा क्रमांक धरला जात नाही, म्हणून तेच पाऊस[३:५, ५:९] असे होते.

चुका होतात त्या इथेच. मॅटलॅबची सवय असलेल्याने नमपायमध्ये ६:९ लिहिले, तर जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढेच हाती लागतात. जून गळतो, आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. बेरीज येते, आलेखही निघतो; मृगाचा पाऊस मात्र त्यात नसतो. म्हणून भाग काढला की आधी त्याचा आकार पाहावा. २ × ४ च्या जागी २ × ३ दिसले, की चूक तिथल्या तिथे सापडते.

शेवटचा क्रमांक वगळण्याची रीत सुरुवातीला विचित्र वाटते, पण तिच्यात तथ्य आहे. ९ − ५ = ४, म्हणजे नुसत्या वजाबाकीने स्तंभ किती ते कळते. शिवाय :५ आणि ५: असे दोन तुकडे केले, की जानेवारी ते मे आणि जून ते डिसेंबर असे वर्ष नेमके विभागते, एकही महिना दोनदा येत नाही की सुटत नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या एका टिपणात याच पद्धतीची बाजू मांडली होती.

दुसरी खोच जास्त महागात पडते. नमपायमध्ये असा काढलेला भाग स्वतंत्र प्रत नसतो, ती मूळ तक्त्यावरची खिडकी असते. भागात वेंगुर्ल्याच्या जुलैला शून्य भरले, तर मूळ तक्त्यातही शून्यच. मूळ नोंदी जपायच्या असतील तर आधी कॉपी करून घ्यावी. ओळींची यादी दिली, उदाहरणार्थ [०, ४], तर मात्र नमपाय नवी प्रतच देते.

उणे क्रमांकाचा अर्थही भाषेगणिक बदलतो. नमपायमध्ये −१ म्हणजे शेवटची ओळ, वेंगुर्ला. आरमध्ये −१ म्हणजे पहिली ओळ, डहाणू, सोडून बाकीच्या सगळ्या. एकच ओळ काढली तर आर बारा आकड्यांची साधी रांग हातात ठेवते; १ × १२ हा आकार टिकवायला ‘ड्रॉप = फॉल्स’ लिहावे लागते. नमपायमध्ये ३ ऐवजी ३:४ लिहिले की तेच साधते.