जुनी एअर रायफल आजही का चालते

पहिल्या महायुद्धाआधी बर्मिंगहॅममध्ये बनलेली एखादी बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीची एअर रायफल वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिली, तरी तिला पुन्हा चालतं करायला फार काही लागत नाही. नळी वर करून पिस्टनवरच्या चामडी वॉशरपर्यंत तेलाचे चार थेंब पोहोचवायचे आणि रात्रभर ती तशीच उभी ठेवायची. सकाळी चामडं पुन्हा मऊ झालेलं असतं आणि छर्रा बऱ्याचदा जोमानं सुटतो. याउलट १९७० च्या दशकातली, ऑलिंपिक दर्जाच्या नेमबाजांसाठी बनलेली एखादी जर्मन रायफल मूळ खोक्यातून न वापरलेली काढली, तरी पहिल्याच बाराला तिची फुसकी निघू शकते, कारण आतलं सील पडून पडूनच भुगा झालेलं असतं. नवी वस्तू आधी मरते आणि जुनी टिकते, हा उलटा हिशोब कळायचा असेल तर या बंदुका कोणासाठी आणि कशाच्या बनवल्या गेल्या, ते पाहावं लागतं.

हवेच्या दाबानं गोळी फेकण्याची कल्पना खूप जुनी. स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात साधारण १५८० ची, भात्यावर चालणारी हवाई बंदूक जपून ठेवलेली आहे. अठराव्या शतकात हवा आधीच पंपानं टाकीत भरून ठेवणाऱ्या बंदुका आल्या. त्यातली सर्वांत प्रसिद्ध जिरांडोनी या बंदूक कारागिराची. ऑस्ट्रियन सैन्यानं ती १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी, बाजूला वीसेक गोळ्यांची नळकांडी, आणि धूर अजिबात नाही. पण टाकी पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार झटके मारावे लागत. पत्र्याच्या सांध्यातून हवा गळायची आणि प्रत्येक गोळीसोबत दाब थोडा उतरायचा. लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांनी १८०३ ते १८०६ च्या मोहिमेत अशीच एक हवाई रायफल नेली होती आणि वाटेतल्या मूळनिवासी टोळ्यांना ती झाडून दाखवली होती. तिचा प्रभाव पडला यात नवल नाही. पण असली बंदूक बनवणं कुशल कारागिराचंच काम होतं आणि ती सांभाळणं त्याहून अवघड. सामान्य माणसाच्या घरात ती कधीच पोहोचली नसती.

ती पोहोचली स्प्रिंगमुळे. हवा साठवायचीच नाही. तरफेनं किंवा नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली दुमडून, जाड स्प्रिंग दाबायची आणि चाप ओढला की पिस्टन पुढं झेपावून समोरची हवा त्याच क्षणी दाबतो. टाकी नाही, पंप नाही, आणि दर वेळी ताकद जवळजवळ तेवढीच. या मांडणीला कारखान्यात उत्पादनाचं रूप मिळालं ते १८७० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या हर्किमर आणि इलियन या शेजारशेजारच्या गावांत. इलियनमध्ये रेमिंग्टनचा मोठा कारखाना असल्यानं बंदुकीचं काम जाणणारे हात तिथे होतेच. हर्किमरच्या हेन्री मार्कस क्वाकेनबुश यांनी १८७१ पासून हवाई पिस्तुलांची पेटंट घेतली. इलियनच्या हॅविलंड अँड गन यांनी दस्त्याच्या मुठीतच स्प्रिंग आणि पिस्टन बसवला. हाच आराखडा पुढे युरोपात गेला आणि ‘जेम’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त रायफलींच्या रूपात हजारो घरांत शिरला.

अमेरिकेत या धंद्याची एक फांदी वेगळीच वाढली. मिशिगनमधल्या प्लिमथ गावी लोखंडी पवनचक्क्या करणारी कंपनी शेतकऱ्याला पवनचक्कीसोबत एक पत्र्याची हवाई बंदूक भेट देऊ लागली. भेटीला मागणी इतकी वाढली की १८९५ मध्ये कंपनीनं नाव बदलून ‘डेझी’ असं केलं. पण डेझी म्हणजे बीबी, म्हणजे बारीक गोल गोळ्या, फेकणारी, मुलांच्या हातातली बंदूक. तिचे संग्राहक वेगळे आणि दुरुस्तीची पद्धतही वेगळी, म्हणून तिला इथेच सोडतो.

माझ्या मते खऱ्या अर्थानं ‘रायफल’ म्हणावी अशी हवाई बंदूक जन्मली ती बर्मिंगहॅममध्ये, १९०४-०५ साली. लिंकन जेफ्रीज हे तिथले बंदूकवाले. जर्मनीहून येणाऱ्या जेम धाटणीच्या बंदुका ते विकत आणि त्यातल्या उणिवा त्यांना पाठ होत्या. छर्रा भरायला नळी मोडावी लागते, बिजागरी झिजते आणि नळी दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसत नाही. मग नेम कसा राहणार? त्यांनी नळी पक्की केली, स्प्रिंग दाबायची तरफ नळीच्या खाली घेतली आणि छर्रा भरायला नळीच्या मुळाशी एक फिरता टॅप बसवला. त्याचा कान फिरवला की वर छोटी विहीर उघडते. छर्रा त्यात टाकायचा आणि कान परत फिरवायचा, की तो नळीच्या रेषेत येतो. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध १९०२ मध्ये संपलं होतं, लष्करी रायफलींची मागणी घसरली होती आणि बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीकडे ली-एनफिल्ड ही लष्करी रायफल बनवणारी यंत्रं आणि माणसं होती. १९०५ पासून जेफ्रीज यांची रायफल याच कारखान्यातून बाहेर पडू लागली. लष्करी रायफलीचं पोलाद, लष्करी रायफलीची मापं आणि हवेची ताकद: हा मेळ त्याआधी कुठेच बसला नव्हता. थोड्याफार बदलांनी हे घराणं दुसऱ्या महायुद्धापर्यंत चाललं.

तिला गिऱ्हाईकही तयार होतं. बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांची नेमबाजी कमी पडल्याची चर्चा देशभर झाली होती आणि गावोगावी नेमबाजीचे क्लब निघत होते. एअर रायफलीला जागा कमी लागते, आवाज बेताचा असतो. म्हणून पबच्या मागच्या खोलीत ‘बेल टार्गेट’चे सामने सुरू झाले. लोखंडी चकती, मध्यभागी पाऊण इंचाच्या निम्म्या व्यासाचं भोक आणि मागं घंटी. सहा-सात यार्डांवरून छर्रा भोकातून आरपार गेला की घंटी वाजायची. अंतर लहान वाटतं, पण उभ्यानं, बिनदुर्बिणीची, शंभर वर्षांपूर्वीची रायफल धरून ते भोक सलग गाठायला हात स्थिर असावा लागतो. आठवड्याला शेकडो बार झेलणारी ही रायफल पुन्हा पुन्हा उघडावी लागणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून तिचे स्क्रू नीट सुटतात, सुटे भाग बदलता येतात आणि झिजणारा भाग सगळ्यांत साधा ठेवलेला आहे: चामड्याची वाटी, म्हणजे पिस्टनवरचा तोच वॉशर.

ही वाटी आजही घरी करता येते. तीन-चार मिलिमीटर जाड, वनस्पतीनं कमावलेल्या चामड्याची चकती कापायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि साच्यात बोल्टनं आवळून पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची. वाळली की तिच्या कडा आपोआप उभ्या राहतात. मग कडा सरळ छाटायची आणि गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेल्या नीट्सफूट तेलात तिला मुरू द्यायचं. पिस्टन पुढं गेला की हवेचा दाब वाटीच्या आत शिरतो आणि तिची कड सिलिंडरला दाबून धरतो. दाब वाढेल तशी पकड वाढते. तेल जास्त झालं तर मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं तेच पेटतं, नळीतून धूर येतो, बंदुकीसारखा कडाका होतो आणि स्प्रिंगवर नको तो ताण पडतो. बिनछर्ऱ्याचा बार त्याहून वाईट, कारण समोर हवेची गादी नसल्यानं पिस्टन सरळ भिंतीवर आदळतो. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं साधन, असल्याशिवाय मागचा ठोकळा उघडू नये; दाबात बसलेली ती स्प्रिंग दात पाडू शकते.

जर्मनीची वाट निराळी. राश्टाटच्या मायर अँड ग्रामेलश्पाखर कंपनीच्या ‘डायना’ या चिन्हात शिकारीची देवी धनुष्यबाण टाकून देऊन एअर रायफल उंचावते. दोन्ही महायुद्धांनंतर जर्मन शस्त्रनिर्मितीवर कडक बंधनं आली. दुसऱ्या युद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नावही ब्रिटनला गेलं. स्कॉटलंडमधल्या मदरवेलची मिलब्रो कंपनी डायना नावानं रायफली काढू लागली आणि राश्टाटला उत्पादन पुन्हा सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये विकायचा माल ‘ओरिजिनल’ या नावानं पाठवावा लागला. त्यामुळे ‘डायना’ कोरलेली रायफल स्कॉटिश असू शकते आणि ‘ओरिजिनल’ कोरलेली अस्सल राश्टाटची. नवख्या संग्राहकाची इथे हमखास गल्लत होते. वायहराउख हे घराणं सोव्हिएत ताब्यात गेलेल्या त्सेला-मेलिसमधून उठून बव्हेरियातल्या मेलरिखश्टाटला आलं आणि तिथे एचडब्ल्यू ३५ ही एअर रायफल बनवू लागलं. जर्मन रायफलीवर पंचकोनात ‘एफ’ कोरलेलं असेल, तर ती १९७० किंवा त्यानंतरची आणि साडेसात ज्यूलच्या मर्यादेतली, एवढं लगेच कळतं.

शस्त्रं बनवू न शकलेल्या कसबी अभियंत्यांनी मग सगळी हुशारी कागदी लक्ष्यावर लावली. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन सुटताना रायफल मागं जाते, थांबताना पुढं येते आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाउनं रायफलीचा वरचा भाग रुळांवर मागं घसरू दिला, म्हणजे धक्का खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. डायनानं ‘गिस’ रचना आणली. तिच्यात दोन पिस्टन दातेरी चक्रानं जोडलेले असतात आणि ते एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खातो. १९६६ मध्ये १० मीटर एअर रायफल जागतिक स्पर्धेत आली आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये.

घोळ झाला तो याच वैभवाच्या काळात. चामडं दर बाराला किंचित वेगळं वागतं, म्हणून स्पर्धेसाठी कृत्रिम सील आले. गिस रचनेच्या डायनांमध्ये आणि त्या काळच्या वाल्थर या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या काही रायफलींमध्ये वापरलेला मूळ प्लास्टिकचा माल वर्षं सरली की मेणासारखा मऊ होतो नाहीतर ठिसूळ होऊन चुरा होतो. बार केला काय न केला काय, फरक पडत नाही. फाइनवेर्कबाउनं मुख्य सीलसाठी धातूची कडी वापरली, म्हणून तिची ३०० मालिका अजून तग धरून आहे, पण तिच्यातलाही पिस्टनचा बफर (धक्का झेलणारी गादी) बदलावा लागतोच. गिसची रायफल उघडायची तर दोन्ही पिस्टनचे दाते नेमके जुळवूनच परत बसवावे लागतात. एक दाता चुकला तर ती स्वतःलाच मोडते. पहिल्या दुरुस्तीसाठी हिला कोणी हात लावू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. आधी बीएसए किंवा साधी मोडत्या नळीची डायना उघडून हात बसवावा.

जुन्या रायफलीला चकचकीत करण्याचा मोह आवरावा. पॉलिश पेपर मारून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) चढवलं की कोरलेली अक्षरं पुसट होतात, कडा गोल होतात आणि शंभर वर्षांची झिलई पुन्हा मिळत नाही. गंज तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टीलवूलनं हळूहळू काढावा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा स्क्रू ड्रायव्हर घासून तयार करावा, कारण चुरगळलेल्या खाचा पाहून जाणकार लगेच ओळखतो की इथे घाईचा हात फिरला आहे. जास्त ताकदीची आधुनिक स्प्रिंग घालणं तर सरळ नुकसान आहे. ही रायफल तेवढ्या मारासाठी घडवलेलीच नाही, आणि ताकद वाढली की नेम बिघडतो.

चालवायची असेल तर छर्ऱ्याकडे लक्ष द्यावं. टॅपमध्ये छर्रा सैल पडतो आणि हवेचा दाब त्याचा पोकळ घेर फुलवून नळीत बसवतो, म्हणून पातळ घेराचा मऊ शिशाचा छर्राच तिथे काम करतो. अनेक जुन्या ब्रिटिश .२२ रायफलींना ५.५ पेक्षा ५.६ मिलिमीटरचा छर्रा जास्त मानवतो. पोलादी टोकाचे डार्ट नळीतल्या पिळदार खाचा खराब करतात, ते घालूच नयेत. छर्रा भरताना तरफ किंवा मोडलेली नळी हातानं घट्ट धरून ठेवावी, कारण झिजलेला खटका निसटला तर बोटं जायची. रायफल घट्ट आवळू नये, डाव्या तळहातावर नुसती टेकू द्यावी, म्हणजे तो दुहेरी धक्का दर वेळी सारखाच बसतो. आणि बदललेला प्रत्येक मूळ भाग, झिजलेली वाटी किंवा तुटकी स्प्रिंगसुद्धा, चिठ्ठी लावून रायफलीसोबतच ठेवावा. पुढच्या दुरुस्तीवाल्याला मूळ माप त्यातूनच मिळणार आहे.