पाच हजार बॅकलिंकांचं शून्य कसं होतं

"५००० हाय डीए बॅकलिंक, गूगलवर पहिला नंबर गॅरंटीड." जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि मोठा वाद झाला, त्यानंतर चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या काही लोकांनी वेबसाइट काढल्या, आणि आता त्यांच्या फोनवर हे असले मेसेज सारखे येतायत. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटनं तुमच्या साइटला दिलेली लिंक, आणि डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. मॉझ नावाच्या कंपनीनं स्वतःच्या हिशोबानं काढलेला हा १ ते १०० मधला अंदाज आहे, गूगल तो वापरतच नाही. आणि पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे गूगलनंच लिहून ठेवलंय. धंदा चालावा म्हणून ज्योतिषाला विचारून पाटीवरचं स्पेलिंग बदलणं आणि हा आकडा विकत घेणं मला एकाच माळेतलं वाटतं, दोन्हीकडं कष्टाचा पैसा जातो.

पण लिंकेला किंमत असते हे खरंय, ती कशी ठरते तेच बघण्यासारखं आहे.

१९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज, सर्गे ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्रॅड यांनी पेजरँक मांडला, म्हणजे लिंकांवरून पेजचं महत्त्व मोजायची पद्धत. कल्पना करा, एक माणूस नुसता लिंकांवर क्लिक करत फिरतोय, १०० पैकी ८५ वेळा समोरच्या पेजवरची कुठलीतरी लिंक दाबतो आणि १५ वेळा कंटाळून भलत्याच पेजवर उडी मारतो. असा तो फिरतच राहिला तर ज्या पेजवर जास्त वेळा सापडेल ते पेज महत्त्वाचं. म्हणजे प्रत्येक पेजला उडीचे ०.१५ फुकट, आणि वर लिंक देणाऱ्या पेजच्या वजनाचा ०.८५ पट वाटा, पण तो वाटा त्या पेजवरच्या सगळ्या लिंकांत सारखा विभागून. समजा एका पेजचं वजन ६ आहे. त्यावर ३ लिंका असतील तर तुम्हाला १.७ मिळतात, ६० असतील तर फक्त ०.०८५. शेकडो दुकानांची नावं कोंबलेल्या डिरेक्टरीतून हाताला काही का लागत नाही ते इथं कळतं.

आता गंमत अशी की तुमचं वजन माझ्यावर अवलंबून आणि माझं तुमच्यावर, मग सुरुवात कुठनं करायची? सगळ्यांना सारखं वजन द्यायचं आणि हिशोब परत परत करायचा, आकडे हळूहळू हलायचे थांबतात. बारावीला मॅट्रिक्स केलेल्यांसाठी सांगतो, उत्तर म्हणजे या लिंकांच्या मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर, म्हणजे मॅट्रिक्सनं गुणूनही ज्याची दिशा बदलत नाही अशी आकड्यांची यादी. त्यांच्या पेपरात ३२.२ कोटी लिंकांचं जाळं साधारण ५२ फेऱ्यांत स्थिर झालंय, मला हे आजही अफाट वाटतं.

पण याच गणितात एक भोक होतं. मी १००० रिकामी पेजं बनवली आणि प्रत्येकावर तुमची एकच लिंक टाकली, तर प्रत्येकाच्या फुकटच्या ०.१५ मधून तुम्हाला ०.१२७५ मिळतात, हजारांचे झाले १२७.५! लिंक फार्मचा, म्हणजे नुसत्या लिंका द्यायला बनवलेल्या अशा पेजांचा धंदा यावरच उभा राहिला. २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी ट्रस्टरँक मांडला, त्यात बदल एवढाच की उडी कुठंही मारायची नाही, माणसांनी तपासलेल्या थोड्या विश्वासू साइटवरच मारायची. मग त्या १००० पेजांना फुकटचं काहीच मिळत नाही, बाहेरून कुणी खरी लिंक देत नाही, हजार गुणिले शून्य. सूत्र तेच, फक्त उडीची जागा बदलली. आणि विश्वास दर पायरीला ०.८५ नं घटतो, तीन पायऱ्या लांब गेलं की ०.६१ उरतो, तोही वाटून.

गूगल आज आत नेमकं काय वापरतं ते पूर्ण सांगत नाही. पण एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं सर्चमध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलानं विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट खाली ढकलल्या, २०१६ पासून अशा लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत, आणि डिसेंबर २०२२ पासून लिंका विकणाऱ्या साइटसुद्धा स्पॅमब्रेन, म्हणजे गूगलची स्पॅम पकडणारी एआय यंत्रणा, हुडकते. गूगलच्या एखाद्या माणसानं तपासून मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे शिक्षा, लावली तर ते सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये दिसतं आणि साइट निकालातनं गायबही होऊ शकते.

मग करायचं काय? चप्पलवाल्याकडं माहिती ढीगभर असते. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कातडं कसं कमावतात, पावसाळ्यात चप्पल भिजली तर काय करायचं, २०१९ च्या जीआय टॅगमध्ये (वस्तू कुठल्या भागातली ते सांगणारी सरकारी नोंद) महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे कुठले, हे स्वतःच्या फोटोंसकट लिहा. पत्रकार, कॉलेजची पोरं, फिरायला आलेले लोक अशाच पेजला आपणहून लिंक देतात. वेळ लागतो, पण ती लिंक टिकते. जाहिरातीसाठी पैसे देऊन लिंक घेतलीच तर समोरच्याला त्या लिंकेच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो ही खूण लावायला सांगा, मग काही अडचण नाही. आणि कुणी परस्पर तुमच्या साइटला फालतू लिंका दिल्या असतील तर घाबरून लगेच डिसअव्हाऊ टूल (या लिंका मोजू नका असं गूगलला सांगायचं) वापरत बसू नका, बहुतेक साइटना त्याची गरज पडत नाही, ते आहे मॅन्युअल अॅक्शन आलेल्यांसाठी किंवा आधी स्वतः लिंका विकत घेतलेल्यांसाठी.