सॉफ्टवेअर एका दमात का बनत नाही

संध्याकाळी ऐरोलीच्या माइंडस्पेसमधून किंवा महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमधून सुटणाऱ्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, तुमच्याकडे इटरेटिव्ह पद्धतीने, म्हणजे थोडं बनवून, दाखवून, सुधारून अशा छोट्या फेऱ्यांमध्ये काम चालतं का, तर तो लगेच हो म्हणेल, कारण दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाची एक फेरी असते, सकाळी स्टँडअप नावाची छोटी मीटिंग असते, जिरा ह्या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिकिटं सरकत असतात. पण जरा खोदून विचारलं की कळतं, पहिले काही स्प्रिंट डेटाबेस, मग एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन जोडणारा कोड), मग स्क्रीन्स, आणि टेस्टिंग सगळ्यात शेवटी. ह्याला माझ्या मते इटरेटिव्ह म्हणूच नये. क्लायंटला पाच-सहा महिने हात लावायला काही मिळतच नाही, म्हणजे जुनंच काम, फक्त तुकडे पाडून.

प्रत्येक फेरीच्या शेवटी छोटं का होईना पण चालणारं, कोणीतरी खरंच वापरेल असं काहीतरी बाहेर पडलं पाहिजे. समजा घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीला मेंटेनन्सचं ॲप हवंय. सेक्रेटरी आणि खजिनदार काकांनी यादी दिली, बिल, पावती, गेटवर व्हिजिटर एंट्री, तक्रारी, क्लबहाऊस बुकिंग. आता हे सगळं बनवून वर्षाने दाखवण्यापेक्षा पहिल्या फेरीत एकाच विंगची साधी बिलं पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवायची, बस. बिल बघितल्याबरोबर काका म्हणणार, अहो ह्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्याचा जादा आकार, कुठाय, आणि ती सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही बरं का. मग कोणीतरी अर्धेच पैसे भरलेले असतात, ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात, ह्यावर कमिटीतच दोन मतं निघतात.

हे यादी देताना का नाही सांगितलं? लपवलं नव्हतं हो, त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की ही सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही, चुकीचं बिल डोळ्यासमोर आलं तेव्हा आठवलं. हे पंधरा दिवसांत कळलं तर दुरुस्ती तासाभराची, वर्षाने कळलं तर तोवर पावत्या, खातेवही, रिपोर्ट सगळं त्याच चुकीच्या हिशेबावर उभं राहिलेलं असतं.

गंमत म्हणजे ही काही आजकालची फॅशन नाही. १९६० च्या दशकात नासाच्या मर्क्युरी ह्या माणसाला अंतराळात पाठवायच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांमध्ये लिहिलं गेलं, टेस्ट आधी आणि कोड नंतर. स्पेस शटलचं उड्डाणाचं मुख्य सॉफ्टवेअर आयबीएमने १९७७ ते १९८० मध्ये ३१ महिन्यांत १७ फेऱ्या करून दिलं, कारण काम चालू असतानाच गरजा बदलणार हे त्यांना माहीत होतं. आणि ज्या विन्स्टन रॉयस ह्या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या १९७० च्या पेपरमधली आकृती वॉटरफॉल (एक टप्पा संपवूनच पुढचा, अशी पद्धत) म्हणून जगभर गाजली, त्यानेच तिथे लिहिलंय की असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे आणि शक्य असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा. लोकांनी आकृती उचलली, मजकूर बहुतेक वाचलाच नाही. छोट्या फेऱ्यांच्या कामाचा जाहीरनामा समजला जाणारा अजाइल मॅनिफेस्टो तर २००१ चा, म्हणजे फारच उशिराचा.

त्याच १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवीन शहर आखायला घेतलं. तिथे कागदावर आधी नीट आखणं भाग होतं, पूल बांधून झाल्यावर जरा डावीकडे सरकवा म्हणता येत नाही. कोड सरकवता येतो, पण तोही फुकटात नाही. सातव्या फेरीत पार्किंगचे चार्जेस टाकले आणि दुसऱ्या फेरीतलं व्याज गंडलं असं होतंच, आणि दर फेरीला जुनं सगळं हाताने तपासत बसलं तर काही महिन्यांनी टीम तेवढंच करत बसते. म्हणून कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या टेस्ट लागतात, आणि बिघडलं तर कालच्या आवृत्तीवर परत जायची सोय. टाइट डेडलाइनमध्ये आधी ह्याच गोष्टी कापल्या जातात.

पैशांचा प्रश्न उरतोच. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की प्रत्यक्ष आकडा अगदी सुरुवातीच्या अंदाजाच्या चौपट किंवा फक्त पाव भागही निघू शकतो, तरी आपल्याकडे सही त्याच दिवशी पूर्ण रकमेवर आणि पूर्ण यादीवर होते, आणि मग नॉन-ऑक्युपन्सी आठवली की चेंज रिक्वेस्टवरून, म्हणजे यादीबाहेरच्या बदलाच्या मागणीवरून भांडणं. त्यापेक्षा तीन-तीन महिन्यांचं बजेट ठरवा आणि पुढे काय बनवायचं ते दर फेरीनंतर ठरवा. क्रम लावताना बोहम यांनीच १९८६ च्या स्पायरल मॉडेलमध्ये (फेऱ्याफेऱ्यांनी काम करायची त्यांची पद्धत) सांगितलेलं उपयोगी पडतं, सगळ्यात जास्त धोका जिथे आहे ते आधी हातात घ्यायचं. सोसायटीच्या बाबतीत तो धोका काकांच्या जुन्या एक्सेल फाइलमध्ये आहे, तिच्यात एकाच फ्लॅटचा नंबर तीन प्रकारे लिहिलेला असतो, क्लबहाऊस बुकिंग नंतर बघता येईल.