मेगावॅट आणि युनिट एकच नाही: झांबियाचं धरण आणि कोळसा शेजारी ठेवून बघा

"अमुक इतक्या मेगावॅटचा प्रकल्प सुरू" अशी बातमी आली की बरेच जण तेवढी वीज आता मिळणार असं धरून चालतात, आणि गल्लत तिथूनच सुरू होते. मेगावॅट ही क्षमता, म्हणजे मशिन एका वेळी जास्तीत जास्त किती जोर लावू शकतं ते. युनिट म्हणजे प्रत्यक्षात बनलेली किंवा वापरलेली वीज. महावितरणचं बिल काढून बघा, मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये, महिनाभर घराला कुलूप लावून गावी गेलात तर मंजूर भार तोच राहतो पण युनिट शून्याच्या आसपास. एक मेगावॅटचं मशिन तासभर पूर्ण जोरात चाललं तर १००० युनिट, एवढंच गणित पुढे लागेल.

आता आफ्रिकेतला झांबिया. या देशाची वीजनिर्मितीची ८० टक्क्यांहून जास्त क्षमता पाण्यावर आहे. झांबेझी नदीवर कारिबा धरण आहे, झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवर, आणि उत्तर काठावरचं वीजघर झांबियाचं, १०८० मेगावॅटचं. त्याच धरणाच्या तलावाच्या बाजूच्या भागात मांबा या गावी कोळशाच्या खाणीजवळच ३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, १५०-१५० मेगावॅटची दोन मशिनं, २०१६ पासूनचं, आणि त्यात हैदराबादच्या 'नवा लिमिटेड' या कंपनीची ६५ टक्के मालकी आहे. कागदावर कारिबा मांबाच्या साडेतीन पट मोठं, बरोबर?

पण कारिबाचं पाणी मोजून मिळतं. झांबेझी नदी प्राधिकरण दरवर्षी ठरवतं की दोन्ही देशांनी विजेसाठी किती पाणी वापरायचं. २०२२ साली झिम्बाब्वेच्या बाजूने आपला वर्षाचा वाटा नोव्हेंबरातच संपवला तर प्राधिकरणाने सरळ निर्मिती थांबवायला सांगितलं, मशिनं होती, चालू स्थितीत होती, तरी. मग २०२३-२४ चा पावसाळा एल निनोमुळे कोरडा गेला, २९ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, आणि त्या वर्षी कारिबातून दोन्ही देशांना मिळून १६ अब्ज घनमीटर पाणी ठरलं, म्हणजे झांबियाला ८.

हे ८ अब्ज घनमीटर म्हणजे किती वीज ते करून बघू. पाणी साधारण ९० मीटर खाली येतं, मशिनमधला तोटा वजा केला तर एका घनमीटरमागे ०.२२ युनिट मिळतं, म्हणजे वर्षाला अंदाजे १७६ कोटी युनिट. वर्षाच्या ८७६० तासांवर वाटले तर सरासरी २०० मेगावॅट! १०८० च्या वीजघरातून. आणि मांबाचं ३०० मेगावॅट दुरुस्तीचे दिवस सोडून ८० टक्के चाललं असं धरलं तरी २१० कोटी युनिट होतात. म्हणजे दुष्काळी वर्षात साडेतीन पट लहान केंद्र जास्त वीज देऊ शकतं, कारण कोळशाला पावसाची वाट बघावी लागत नाही, खाण शेजारीच आहे. त्या वर्षी झांबियात घरांना दिवसातून काही तासच वीज मिळत होती, छोटे वेल्डिंगवाले, सलूनवाले, गिरणीवाले यांचा धंदाच बसला, आणि तेव्हा "आमची क्षमता इतके हजार मेगावॅट" हा आकडा कुणाच्या काय कामाचा?

मेगावॅट मात्र फालतू नाही हां. संध्याकाळी सगळे एकदम दिवे आणि विजेच्या शेगड्या लावतात तेव्हा लागतो तो जोरच, आणि पाण्याचं मशिन काही मिनिटांत पूर्ण जोरावर येतं, कोळशाचा थंड पडलेला बॉयलर तापायला तासन्‌तास लागतात. आपली कोयना यासाठीच बघा, १९६० मेगावॅट क्षमता, पण पश्चिमेकडे विजेसाठी वळवायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलेलं, म्हणून ती दिवसरात्र पूर्ण जोरात चालूच शकत नाही, मागणी चढते त्या वेळेला तिचा खरा उपयोग. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र याच्या उलट, दिवसरात्र धडधडत राहायला बांधलेलं.

मला तरी कोळसा बरा वाटतो असं नाही, धूर आणि राख त्या गावांनाच सोसावी लागते, आणि दोनच मशिनं असलेल्या केंद्रात एक बॉयलर दुरुस्तीला गेला की निम्मी वीज गेली. पण पाण्यावरच अवलंबून असलेल्या देशात थोडा कोळसा दिवसभर चालत राहिला तर तेवढं पाणी कारिबात शिल्लक राहतं, संध्याकाळसाठी किंवा पुढच्या कोरड्या वर्षासाठी, हा फायदा मेगावॅटची नुसती बेरीज करून दिसतच नाही. मांबाला आणखी ३०० मेगावॅटचं काम सुरू झालंय, त्याची बातमी वाचाल तेव्हा वर्षाला किती कोटी युनिट आणि त्यामुळे धरणात किती पाणी राहणार, हे दोन आकडे शोधा.