वटवट्या : खानदेशातील दोन जाती

'वटवट्या' हे नाव रूपावरून नव्हे, तोंडाच्या वटवटीवरून पडले आहे. म्हणूनच ते एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या पक्ष्यांनाही चिकटले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हिवाळ्यात बांधावरच्या एकाच बाभळीत असे दोघे भेटू शकतात : राखी वटवट्या (प्रिनिया सोशियालिस) आणि ब्लाइथचा बोरू वटवट्या (ॲक्रोसेफॅलस ड्युमेटोरम). दोघांचीही लांबी 13 सेंमी.च्या आसपास. पूर्वी दोघे सिल्व्हिइडी या अवाढव्य कुळात कोंबलेले होते. डीएनएच्या अभ्यासाने ते कुळ फुटले आणि राखी सिस्टिकोलिडीत, तर बोरू ॲक्रोसेफॅलिडीत गेला. त्यामुळे राखीचा खरा भाऊबंद त्याच्याच कुळातला, पानांची पिशवी शिवणारा शिंपी पक्षी ठरतो.

ओळखायचे असेल तर आधी शेपूट पाहावी. राखीची शेपूट लांब, पायऱ्यापायऱ्यांची, 10 पिसांची आणि बहुधा उभारलेली असते. पाठ राखाडी, पोट तांबूस-पिवळसर. बोरूची शेपूट 12 पिसांची, टोकाला गोलसर. त्याचे बाकी अंग मातकट, भुवई आखूड व फिकट, कपाळ चपटे. थोडक्यात, लक्षात राहण्याजोगे काहीच नाही. तो झुडपाच्या गाभ्यातून 'चॅक, चॅक' करतो आणि बहुतेक वेळा तेवढाच कळतो. राखी मात्र उघड्यावर येतो आणि उडताना चुटकी वाजवल्यासारखा 'टिक् टिक्' आवाज काढतो.

राखी बारमाही रहिवासी आहे. त्याची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. रुंद पाने कोळ्याच्या जाळ्याने सांधून किंवा गवत विणून तो जमिनीपासून थोड्याच उंचीवर घरटे करतो. त्यातली विटकरी लाल, चकचकीत अंडी एकदा पाहिली की विसरत नाहीत. बोरूचे घरटे खानदेशात शोधू नये. तो फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात वीण करून पावसाळ्याच्या अखेरीस भारतात येऊ लागतो आणि एप्रिल-मेमध्ये परततो.

'बोरू' हे नावही फसवेच. हा पक्षी बोरूच्या बेटांपेक्षा झुडपे, कुंपणे आणि बागांत अधिक रमतो. हतनूर धरणाच्या काठी पाणवनस्पतींत डोळे लावून बसण्यापेक्षा मागच्या बाभळी धुंडाळाव्यात. दोन्ही जातींची शास्त्रीय वर्णने एकोणिसाव्या शतकातली : राखीचे साइक्सने 1832 मध्ये दख्खनच्या नमुन्यांवरून केले, बोरूचे एडवर्ड ब्लाइथने 1849 मध्ये.