गाडी स्वतः फोन करते तेव्हा

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत छताजवळ किंवा आतल्या आरशावर ‘एसओएस’ लिहिलेलं एक लाल बटण असतं. ते दाबलं, किंवा अपघात झाला, की ‘गाडी थेट उपग्रहाला कळवते’ हा समज मी इतक्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकला आहे की त्यापासूनच सुरुवात करायला हवी. उपग्रहाला यातलं काहीही कळत नाही. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि आपलं नाविक यांचे उपग्रह स्वतःची वेळ आणि कक्षा अखंड सांगत असतात. गाडीतलं यंत्र ते फक्त ऐकतं आणि त्यावरून आपण कुठे आहोत याचं गणित मांडतं. कोण ऐकतंय याची उपग्रहाला खबरही नसते. मदतीची हाक जाते ती जमिनीवरून, साध्या मोबाइल टॉवरमार्गे. टॉवरची रेंज नसेल तर हाक जात नाही.

तरीही ही व्यवस्था मला फार आवडते. तिच्यात एक अशी युक्ती आहे की ती समजल्यापासून भेटेल त्याला सांगावीशी वाटते. त्या युक्तीकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ साली ‘ऑनस्टार’ सुरू केलं तेव्हा गाडीतून फोन जायचा तो कंपनीच्या केंद्राला, तोही वर्गणी भरलेली असेल तर. युरोपने वेगळी वाट धरली. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात मान्यता घेणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलच्या मोटारीत आणि हलक्या मालवाहू गाडीत ‘ई-कॉल’ सक्तीचा झाला. हा कॉल सरकारी ११२ क्रमांकावर जातो, त्याला पैसे पडत नाहीत आणि वर्गणीही नाही. रशियात याच जातीची ‘एरा-ग्लोनास’ व्यवस्था २०१५ पासून चालू आहे.

टक्कर झाल्याचं गाडीला कसं कळतं, हा प्रश्न आता जुना झाला. एअरबॅगचा संगणक गाडीचा वेग किती झटक्यात कमी होतोय हे सतत मोजत असतो. एअरबॅग उघडण्याचा निर्णय तो काही मिलिसेकंदांत घेतो आणि तोच निर्णय गाडीतल्या वायरिंगवरून ई-कॉलच्या डब्याला कळवतो. या डब्यात सिम, उपग्रह ऐकणारा रिसीव्हर आणि मोडेम असतो. मुख्य बॅटरी चेपली किंवा तुटली तरी चालावं म्हणून बहुधा स्वतःची छोटी बॅटरीही असते.

डबा ११२ ला फोन लावतो. पण आतला माणूस बेशुद्ध असेल तर बोलणार कोण? म्हणून बोलण्याआधी एक छोटा संदेश जातो. मानकाने त्याला जास्तीत जास्त १४० बाइट, म्हणजे ११२० बिट दिले आहेत. एवढ्याशा जागेत काय काय बसवलंय पाहा. हाक आपोआप गेली की कुणी बटण दाबलं, वेळ कोणती, ठिकाण कोणतं, किती पट्टे लावलेले होते आणि त्यावरून प्रवासी किती असावेत. शिवाय गाडी पेट्रोलची, सीएनजीची, हायड्रोजनची की बॅटरीवरची, कारण पत्रा कापायला येणाऱ्या माणसाला हे आधी कळलं तर त्याचाही जीव वाचतो. गाडीच्या १७ अक्षरी चॅसिस क्रमांकात आय, ओ आणि क्यू वापरत नाहीत. उरलेली २३ अक्षरं आणि १० अंक मिळून ३३ चिन्हं होतात, प्रत्येकाला ६ बिट पुरतात आणि सगळा क्रमांक १०२ बिटांत आटोपतो.

अक्षांश-रेखांश अंशाच्या ३६ लाखाव्या भागापर्यंत लिहितात. उत्तर-दक्षिण दिशेत हे जमिनीवर सुमारे ३ सेंटिमीटर भरतं. गाडीतल्या रिसीव्हरची ऐपत एवढी नसते, आणि मानक लिहिणाऱ्यांना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक बिट निव्वळ प्रामाणिकपणासाठी राखून ठेवला. खरी जागा सांगितलेल्या जागेपासून १५० मीटरच्या आत आहे याची ९५ टक्के खात्री नसेल, तर तो बिट सांगतो की या ठिकाणावर भरवसा ठेवू नका. गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही दोन-दोन अंशांच्या टप्प्याने पाठवतात. दुभाजक असलेल्या रस्त्यावर याचं मोल फार, कारण रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने निघाली तर अपघात समोर दिसत असूनही तिला पुढे जाऊन वळून यावं लागतं.

आता खरा प्रश्न. हा संदेश पाठवायचा कसा?

कुणीही म्हणेल, इंटरनेटने किंवा एसएमएसने. पण एसएमएस किती वेळात पोहोचेल याची हमी कुणी देत नाही. परदेशात गेलेल्या गाडीचा डेटा चालेलच असं नाही. शिवाय संदेश एकीकडे आणि फोन दुसरीकडे गेला तर कुठला संदेश कुठल्या फोनचा हे जुळवत बसावं लागेल. याउलट आपत्कालीन फोनला मोबाइलचं जाळं सगळ्यात आधी वाट करून देतं, मग तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून का असेना. म्हणून ठरलं की संदेश त्याच फोनमधून, आवाजाच्याच वाटेने जाईल. म्हणजे आकड्यांना आवाज होऊन जावं लागणार.

जुने टेलिफोन मोडेम हेच करायचे ना? करायचे, पण तांब्याच्या तारेवर. मोबाइलमध्ये मध्ये कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारा आणि पलीकडे पुन्हा उलगडणारा प्रोग्रॅम, बसलेला असतो. आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापं घेऊन प्रत्येक ८ बिटांत लिहिलं तर सेकंदाला ६४,००० बिट होतात. मोबाइलवर बराच काळ वापरात असलेल्या एएमआर कोडेकला त्याच कामासाठी जास्तीत जास्त १२,२०० आणि कमीत कमी ४,७५० बिट मिळतात. म्हणून तो आवाज पाठवतच नाही. गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवण्याऐवजी त्याची स्वरलिपी पाठवावी आणि पलीकडच्या गायकाने ती वाचून गावी, तसा हा प्रकार आहे. दर २० मिलिसेकंदांचा तुकडा घेऊन कोडेक दोन गोष्टी ठरवतो. एक, या क्षणी घसा आणि तोंडाची पोकळी कशा आकाराची असावी, म्हणजे आवाज कुठल्या गाळणीतून येतोय. दोन, त्या गाळणीला आतून धक्के कधी-कधी बसले. गाळणीचे आकडे आणि धक्क्यांची टिपणं तेवढी जातात. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्याने घडवतो. कानाला तो तुमचाच वाटतो, पण लाट आलेखावर काढून पाहिली तर मूळ लाटेशी ती तंतोतंत जुळत नाही.

जुना मोडेम लाटेच्या उंचीत आणि कलेत, म्हणजे लाट किती पुढे किंवा मागे सरकली आहे त्यात, बारीक फेरफार करून आकडे लपवायचा. नेमके तेच फेरफार कोडेक निकालात काढतो, कारण माणसाच्या बोलण्यात त्यांना किंमत नसते. कोडेकपुढे मोडेमची किर्रकिर्र टाकली तर पलीकडे निघतो तो चुथडा.

मग युक्ती काय? जी गोष्ट कोडेक जिवापाड जपतो तिच्यातच आकडे लिहायचे. एएमआरचा १२,२०० बिटांचा प्रकार दर ५ मिलिसेकंदांमध्ये ४० मोजमापांच्या ४० जागा पाहतो आणि त्यांतल्या कुठल्या जागांवर १० टोकदार स्पंद ठेवले तर आवाज सर्वांत चांगला जुळेल ते निवडतो. म्हणजे धक्का कुठे बसला, ही माहिती कोडेक स्वतःच्याच भाषेत लिहून पाठवतो. ई-कॉलचा मोडेम म्हणून फक्त धक्के पाठवतो. २ मिलिसेकंदांची, म्हणजे १६ मोजमापांची एक चौकट. तिच्यात एकच स्पंद, ठरलेल्या चार जागांपैकी एकीवर. तो वरच्या बाजूला असेल किंवा खालच्या. चार जागा गुणिले दोन दिशा म्हणजे आठ शक्यता, आणि आठ शक्यता म्हणजे ३ बिट. सेकंदाला ५०० चौकटी, म्हणून १,५०० बिट. जाळं वाईट असेल तर चौकट दुप्पट लांब, ४ मिलिसेकंदांची होते आणि वेग ७५० वर येतो. कोडेक त्या स्पंदाला बोथट करेल, पसरवेल, त्याला शेपूट लावेल, पण तो चौकटीच्या कुठल्या भागात होता आणि वर होता की खाली, एवढं बहुतेक वेळा शाबूत राहतं. आवाज दाबण्यासाठी केलेल्या यंत्रातून आकडे पार करण्याचा याहून देखणा मार्ग मी पाहिलेला नाही.

‘बहुतेक वेळा’ पुरेसं नाही, हे खरंच. म्हणून ११२० बिटांना आधी २८ तपासणीचे बिट जोडतात. मग त्या सगळ्यांवर टर्बो कोड चढवतात, म्हणजे वाटेत काही बिट बिघडले तरी मूळ बिट ओळखता यावेत असे जादा बिट घालतात. १९९३ साली क्लोद बेरू आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी जिनिव्हातल्या परिषदेत हे कोड मांडले, तेव्हा अनेक तज्ज्ञांचा त्यांच्या आकड्यांवर विश्वास बसला नव्हता. कोड चढवला की बिटांची संख्या तिपटीच्या आसपास जाते, पण ते सगळे एकदम पाठवत नाहीत. पहिल्या फेरीत त्यांतला एक वाटा जातो. ११२ च्या केंद्राला तेवढ्यावरून संदेश उलगडला आणि २८ बिटांचा ताळा जुळला तर ‘मिळालं’ असं उत्तर येतं. नाही जुळला तर गाडी तेच बिट पुन्हा न पाठवता उरलेल्यांतला वेगळा वाटा पाठवते. केंद्र आधीचा मोडकातोडका वाटा फेकत नाही, नव्यात मिसळतं. म्हणजे प्रत्येक अपयशी फेरीनंतरही केंद्राची माहिती वाढलेलीच असते.

चांगल्या जाळ्यावर हे सगळं साधारण ४ सेकंदांत उरकतं. तेवढा वेळ गाडीतला माइक आणि स्पीकर बंद असतात, नाहीतर काचांचा आणि रडण्याचा आवाज स्पंदांत मिसळेल. २० सेकंदांतही संदेश गेला नाही तर डबा प्रयत्न सोडून देतो आणि बोलणं सुरू होतं. हा प्राधान्यक्रम मला अगदी योग्य वाटतो: आकडे पोहोचोत न पोहोचोत, माणसाला माणसाचा आवाज मिळालाच पाहिजे. फोन तुटला तर केंद्राला उलट फोन करता यावा म्हणून डबा पुढे किमान तासभर जागा राहतो.

एरवी तो झोपलेला असतो. निव्वळ ई-कॉलसाठी बसवलेला डबा रोजच्या प्रवासात मोबाइल जाळ्यावर स्वतःची नोंदच करत नाही. त्यामुळे ‘सरकार तुमच्या गाडीवर पाळत ठेवतंय’ हा युरोपात गाजलेला आरोप या डब्याला लागू पडत नाही. तो लागू पडायचाच तर कंपन्यांच्या ‘कनेक्टेड’ गाड्यांना. मोबाइलवरून दार उघडणं, एसी लावणं, गाडी बंद पडल्यावर मेकॅनिकने लांबून दोष वाचणं, या सगळ्यासाठी गाडी सदैव जाळ्याला जोडलेली लागते. २०१५ साली दोन संशोधकांनी याच वाटेने घरबसल्या एका धावत्या जीपचा ताबा मिळवून दाखवला आणि उत्पादकाला अमेरिकेत १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. विक्रेता ‘इंटरनेटवाली गाडी’ म्हणून जे कौतुकाने दाखवतो त्याची ही दुसरी बाजू त्याला जरूर विचारावी.

स्पंदांच्या युक्तीचं आयुष्य मात्र संपत आलं आहे. ४जी आणि ५जीवर आवाज इंटरनेटसारखा पाकिटांतून जातो. पाकिटं मागेपुढे आली की फोन आवाज कणभर ताणून किंवा आकसून ती फट बुजवतो. बोलण्यात ते जाणवतही नाही, पण स्पंदाची जागा हीच जिथे माहिती आहे तिथे ताणणं म्हणजे घातच. नव्या पिढीच्या ई-कॉलमध्ये म्हणून संदेश फोन जोडण्याच्या विनंतीलाच चिकटून जातो. युरोपात १ जानेवारी २०२६ पासून नव्या मॉडेलना आणि २०२७ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना ही पद्धत लागू करण्याचा नियम आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत २००८ साली जुनं ॲनालॉग जाळं बंद झालं तेव्हा ऑनस्टारचे जुने डबे एका फटक्यात मुके झाले होते. गाडी १५ वर्षं चालते, मोबाइलची पिढी तेवढी टिकत नाही.

आपल्याकडे खासगी मोटारींमध्ये एसओएस बटण दाबलं की फोन बहुधा कंपनीने नेमलेल्या केंद्रात जातो, आणि तिथल्या माणसाला पुढे ११२ किंवा १०८ ला कळवावं लागतं. फुकट वर्गणीची मुदत संपली की हे बटण चालतं का, हे सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने आवर्जून तपासावं. बस-टॅक्सींसाठी एआयएस-१४० हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडून प्रसिद्ध झालेल्या या मानकानुसार ठिकाण कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवावं लागतं, आणि त्याचा इशारा डेटा म्हणून नियंत्रण केंद्राला जातो.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच त्याच भागात अपघात थांबावेत म्हणून रस्त्याकडेला ‘महामृत्युंजय यंत्र’ पुरण्याचा विधी झाला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. ई-कॉलने ती आग थांबली असती असं मी म्हणणार नाही, मदत लवकर बोलावणं एवढंच त्याचं काम. पण ज्या यंत्राचं काम कुणालाही तपासून पाहता येतं ते आपल्या रस्त्यांवर आधी यायला हवं. युरोपची स्पंदांची पायरी आपल्याला चढावीच लागणार नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या मोबाइल जाळ्यात २जी-३जी कधी नव्हतंच, ते पहिल्यापासून पाकिटांतूनच आवाज नेतं. नव्या पद्धतीचा संदेश थेट ११२ च्या पडद्यावर उमटावा, मधल्या केंद्राशिवाय आणि वर्गणीशिवाय, एवढा नियम करायचा आहे.