पाऊस आधी, ऊन फार उशिरा: उन्हाळी अंदाजाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांच्या तापमानाचा अंदाज जाहीर करतो, आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा. नकाशात मध्य महाराष्ट्र लालसर दिसला की पुण्यातल्या वर्तमानपत्रांचा मथळा ठरलेला असतो: यंदा उन्हाळा कडक. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर या पूर्वेकडच्या सपाट तालुक्यांत मात्र विषय मथळ्यावर संपत नाही. विहीर कधीपर्यंत साथ देईल, डाळिंबाचा आंबे बहार (उन्हाळ्यात पोसला जाणारा हंगाम) निभेल का, कालव्याचे उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटेल, कडब्याची गंज पुरेल का, हे हिशेब त्याच सुमारास चालू असतात.

इतक्या गरजेचा हा अंदाज 2016 पासूनचा आहे. पावसाचा हंगामी अंदाज 1886 पासून निघतो. मधली 130 वर्षे उन्हाळा कसा जाईल हे कुणी अधिकृतपणे सांगतच नव्हते.

त्याचे कारण हवामान खात्याच्या जन्मात आहे. 1864 चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि 1866 चा ओरिसातला दुष्काळ यांनंतर 1875 मध्ये हे खाते स्थापन झाले. त्याच वर्षी 12 मे रोजी तेव्हाच्या भीमथडी, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्या उठावामागे कर्ज होते, वाढलेला सारा होता. पण कोरडवाहू मुलखातला माणूस किती टोकाला आला होता हे त्यातून दिसले. पाठोपाठ 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. दुष्काळी कामांतून नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम पुढे सरकले आणि पुढे त्याच पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा राहिला.

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे सरकारचा प्रश्न एकच होता: पाऊस पडेल का? हिमालयात बर्फ जास्त पडले तर मोसमी पाऊस कमी होतो, असा संबंध त्यांनी जोडला आणि 1886 पासून नियमित अंदाज सुरू झाले. उन्हाळ्याकडे पाहिले जाई ते पावसाची पूर्वतयारी म्हणूनच. गुढीपाडव्याच्या पंचांगवाचनातही लोक कान टवकारत ते पर्जन्याच्या आढकांसाठी, म्हणजे पाऊस किती पडेल याच्या जुन्या मापासाठी. उन्हाचे भाकीत कुणी मागत नव्हते.

1899 चा अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात पडला दुष्काळ. त्यानंतर 1904 मध्ये खात्याचे प्रमुख म्हणून आलेले गिल्बर्ट वॉकर हे गणिती होते. जगभरच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा हेलकावा सापडला. आज एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, बातमीत ज्याचा उल्लेख असतो तो हाच दुवा. शोध लागला मोसमी पावसाच्या चिंतेतून, पण उन्हाळी अंदाजाचाही तो एक मोठा आधार ठरला.

1928 मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. 1944 मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी शेतीसाठीचे काम पुण्यातच रुजले. 1932 मध्ये एल. ए. रामदास यांच्याकडे कृषी हवामानाची शाखा सोपवली गेली. पिकाला लागणारे हवामान हे जमिनीलगतच्या काही इंचांचे असते, हे ओळखून त्यांनी मातीच्या तापमानाच्या नोंदी घेतल्या. उन्हाळ्याच्या दुपारी काळ्या मातीचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सिअसच्या वर जातो. बातमीतले 40 अंश मात्र जमिनीपासून सव्वा मीटरवरच्या, सावलीतल्या लाकडी पेटीत मोजलेले असतात. कांदा काढणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईला सोसावे लागते ते पेटीबाहेरचे ऊन, आणि अंदाज वाचताना हा फरक कुणी विसरू नये, असे मला तळमळीने वाटते.

1945 मध्ये आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र सुरू झाले. पण ते येत्या एक-दोन दिवसांचे. तीन महिन्यांचे तापमान आधी सांगायला समुद्र आणि वातावरण एकत्र चालवणारी संगणकीय प्रारूपे लागतात. 2012 मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशन या सरकारी कार्यक्रमात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ती घडवली. पुन्हा निमित्त पावसाचेच, हे लक्षात घ्यायला हवे.

यामागची यंत्रणा पूर्व पुण्याला चांगली लागू पडते. एल निनोच्या वर्षी पाऊस बहुधा ओढ देतो, हिवाळ्याअखेर जमिनीत ओल उरत नाही. ओल असेल तर उन्हाची बरीच ऊर्जा बाष्प करण्यात खर्ची पडते. नसेल तर ती थेट माती आणि हवा तापवते. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात इंदापूर-दौंडकडे सरासरी पाचशेच्या आसपास. म्हणून पर्जन्यछायेतला उन्हाळा आदल्या पावसाळ्याचे देणे फेडत असतो. 2015 चा पाऊस हुकला आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले; उन्हाचा पहिला हंगामी अंदाज त्याच उन्हाळ्यातला.

अंदाजाची भाषाही समजून घ्यावी लागते. तो शक्यतेत बोलतो: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतके किंवा कमी. अमुक तारखेला 42 अंश, असे तो सांगत नाही. उष्णतेची लाट हा वेगळा, चार-पाच दिवसांचा इशारा. त्यासाठी मैदानी भागात पारा किमान 40 वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट 45 वर असावा लागतो. पुणे शहराचा एप्रिलमधला उच्चांक 43.3 अंश आहे, 30 एप्रिल 1897 चा. वळवाचा पाऊस आणि गारपीट या हंगामी नकाशात येतच नाहीत, आणि द्राक्षबागायतदाराचा जीव तर त्यातच अडकलेला असतो.

मध्य महाराष्ट्रासारख्या मोठ्या हवामान उपविभागाचा हा अंदाज तालुक्याच्या भाषेत उतरवायला कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली होती. देशभरातली अशी 199 केंद्रे 2024 मध्ये बंद करण्यात आली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. मंगळवार-शुक्रवारचे शेतीसाठीचे हवामान सल्ले कृषी विद्यापीठांतून निघतात, पण उन्हाळी आवर्तन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत फेब्रुवारीअखेरचा तो नकाशा टेबलावर असायला हवा, आणि शहर व दौंड-इंदापूर यांच्यातली खडकवासल्याच्या पाण्याची वाटणी तो पाहून व्हायला हवी.